पहिल्यांदाच संगीत नाटकाला जाताना

"आम्हाला रागदारीतलं काही कळत नाही, तिथं बसून करायचं काय?" संगीत नाटकाचं तिकीट पहिल्यांदा काढणारा हे हमखास विचारतो. राग ओळखता आला नाही तरी काही बिघडत नाही. एक गोष्ट मात्र आधी समजून घ्यावी. पात्राला बोलून जे पुरं सांगता येत नाही ते ते गाऊन सांगतं, आणि किती वेळ गायचं हे बऱ्याच अंशी समोरच्या खुर्च्यांवर ठरतं. तेच पद (नाटकातलं गाणं), तोच नट, पण शनिवारी चार मिनिटांत आटोपतं आणि रविवारी नऊ मिनिटं रंगतं. म्हणून दाद कधी द्यायची, गप्प कधी राहायचं आणि 'वन्स मोअर' म्हणून पद पुन्हा कधी मागायचं, एवढं माहीत असलं तरी पहिलाच प्रयोग अंगी लागतो.

नाशिकमध्ये राहणाऱ्याला ही परंपरा लांबची नाही. कुसुमाग्रजांचं 'ययाति आणि देवयानी' (1966) आणि हंप्राठा महाविद्यालयात इंग्रजी शिकवणाऱ्या वसंत कानेटकरांचं 'मत्स्यगंधा' (1964) ही दोन्ही नाटकं नाशिकमध्ये राहणाऱ्या लेखकांची, आणि दोन्हींचं संगीत जितेंद्र अभिषेकींचं. अलीकडचं 'संगीत देवबाभळी' (2017) लिहिणारे आणि बसवणारे प्राजक्त देशमुखही नाशिकचेच.

जाहिरात नीट वाचा

सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. 'नाट्यसंगीत', 'नाट्यपदांची मैफल', 'नाट्यरंग' असं काही लिहिलं असेल, तर तो गाण्यांचा कार्यक्रम असतो. गायक बसून किंवा उभ्यानं निवडक पदं गातात, निवेदक मध्ये बोलतो. कार्यक्रम उत्तम असू शकतो, पण ते नाटक नव्हे. नाटक बघायचं असेल तर जाहिरातीत 'दोन अंकी' किंवा 'तीन अंकी' हे शब्द, लेखक आणि दिग्दर्शक यांची नावं आणि पात्रयोजना शोधा.

मग साथीदारांची नावं बघा. 'ऑर्गन', 'तबला' यांच्यापुढे माणसांची नावं असतील तर संगीत जिवंत आहे. ती नावं कुठेच नसतील तर चौकशी करा, कारण काही प्रयोग ध्वनिमुद्रित ट्रॅकवर होतात. ट्रॅकवरचं गाणं ठरलेल्या सेकंदाला संपतं. त्यात नटाला तालाचं एक आवर्तन (फेरा) जास्त घेता येत नाही, वन्स मोअरला तर जागाच उरत नाही. पहिल्या अनुभवासाठी जिवंत साथीचा प्रयोग निवडावा, त्यासाठी महिनाभर थांबावं लागलं तरी थांबावं.

'संक्षिप्त' किंवा 'नव्या संपादित स्वरूपात' हे शब्दही महत्त्वाचे आहेत. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग पुण्यात 31 ऑक्टोबर 1880 रोजी झाला, तोही पहिल्या चारच अंकांचा. पुऱ्या नाटकात दोनशेच्या आसपास पदं होती आणि त्या काळची नाटकं रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालत. आज तेच नाटक तीन तासांत बसवायचं म्हणजे बरीच पदं गळणार. आजीच्या तोंडून ऐकलेलं एखादं पद प्रयोगात आलंच नाही, तर त्याचं कारण हे असतं.

पहिलं नाटक कोणतं?

हसत-खेळत सुरुवात करायची असेल तर 'संशयकल्लोळ'. गैरसमजातून गैरसमज वाढत जातात, भाषा सोपी आहे आणि एखादं पद डोक्यावरून गेलं तरी गोष्टीचा धागा सुटत नाही. 'सौभद्र' (1882) थोडी तयारी मागतं. सुभद्रेचं मन अर्जुनावर, बलरामाला तिला दुर्योधनाला द्यायची आहे, आणि कृष्ण मधून सूत्रं हलवतो. अर्जुन संन्याशाच्या वेषात येतो. एवढं माहीत असलं की पुढचं आपोआप उलगडतं. ज्यांना गाणंच ऐकायचं आहे त्यांनी 'कट्यार काळजात घुसली' (1967) बघावं, कारण दोन घराण्यांची चुरस हीच त्यातली गोष्ट आहे आणि गायकी कथेतूनच येते. देवलांचं 'शारदा' (1899) म्हाताऱ्याशी लावल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीच्या लग्नाबद्दल आहे. ते ताकदीचं नाटक आहे, पण दहा वर्षांच्या मुलांना घेऊन पहिल्यांदा जात असाल तर आधी 'संशयकल्लोळ' बघा आणि 'शारदा' पुढे ठेवा.

जुन्या नाटकांची भाषा संस्कृतप्रचुर असते. कथासार वाचून न गेल्यास पहिली वीस मिनिटं कोण कोणाचं कोण हे जुळवण्यात जातात आणि तेवढ्यात दोन पदं निघून जातात. कथा आधी कळली तर मजा जाईल, अशी भीती इथे बाळगू नका. या नाटकांच्या गोष्टी प्रेक्षकांना शंभर वर्षांपासून ठाऊक आहेत, तरी ती चालतात.

घरी आणखी एक काम करावं. त्या नाटकातली तीन-चार पदं निवडा आणि प्रत्येक पद दोन वेगवेगळ्या गायकांचं ऐका. दोघांच्या गाण्यात जे सारखं राहतं ती चाल. जे बदलतं, म्हणजे आलाप, ताना, शब्द घोळवण्याची पद्धत, तो गायकाचा स्वतःचा वाटा. हा फरक अर्ध्या तासात कानाला कळतो, आणि मग प्रयोगात नट कुठे चाल सोडून स्वतःचं काही करू लागला ते लगेच लक्षात येतं.

तिकीट आणि खुर्ची

नाशिकला असे प्रयोग मुख्यतः शालिमारजवळच्या महाकवी कालिदास कलामंदिरात होतात. सार्वजनिक वाचनालयाच्या परशुराम साईखेडकर नाट्यगृहात हौशी आणि स्पर्धेतल्या प्रयोगांचा राबता असतो. राज्य शासनाची संगीत नाट्य स्पर्धा वेगळी होते. ती कुठेही असली तरी नवख्यानं जरूर गाठावी, कारण थोड्या दिवसांत बरीच संगीत नाटकं एका जागी बघायला मिळतात.

तिकीट बुकमायशो किंवा तिकिटालयवर मिळतं, नाट्यगृहाच्या खिडकीवरही मिळतं. खिडकीवर गेलात तर 'प्लॅन' दाखवायला सांगा. त्यावर कुठल्या ओळीतल्या कुठल्या खुर्च्या गेल्या ते समोर दिसतं. जाहिरातीतल्या नंबरवर फोन करून जागा राखून ठेवली असेल तर ती किती वाजेपर्यंत धरून ठेवणार हे तिथल्या तिथे विचारून घ्या. ठरलेल्या वेळेत तिकीट उचललं नाही तर खुर्ची दुसऱ्याला जाते, आणि मग दारात वाद घालून उपयोग नसतो.

खुर्ची कुठली घ्यावी? गद्य नाटकाला पहिली रांग ठीक, चेहरे जवळून दिसतात. संगीत नाटकाला पहिल्या दोन-तीन रांगा टाळा. ऑर्गन आणि तबला बहुधा रंगमंचाच्या समोर खाली किंवा विंगेत कडेला असतो, त्यामुळे पुढच्या खुर्च्यांवर वाद्यांचा थेट आवाज गायकाच्या आवाजावर चढतो आणि मानही वर करून बसावं लागतं. अगदी कडेच्या खुर्च्यांवर एका बाजूचा स्पीकर कानाजवळ येतो, मग तबल्याची थाप ठसठशीत आणि शब्द मात्र पुसट, असं होतं. सहाव्या ते बाराव्या रांगेतला मधला पट्टा सगळ्यांत चांगला. तो मिळाला नाही तर बाल्कनीची पहिली रांग घ्या, पण बाल्कनीच्या खालच्या, मागच्या रांगा घेऊ नका. डोक्यावरच्या छतामुळे सभागृहात घुमणारा आवाज तिथपर्यंत पोचत नाही आणि गाणं बंद खोलीतून आल्यासारखं ऐकू येतं.

गुडघेदुखी असलेल्या आई-वडिलांसाठी वाटेलगतची खुर्ची घ्या आणि पहिल्या घंटेच्या आधीच त्यांना बसवा. दिवे मंद झाल्यावर पायऱ्या दिसत नाहीत.

निघताना

शालिमार म्हणजे बाजाराचा, रिक्षांचा आणि बसचा नाका, त्यामुळे संध्याकाळी गर्दी ठरलेलीच. चारचाकी नेत असाल तर पाऊण तास आधी पोचा, नाहीतर जागा शोधता शोधता नांदी, म्हणजे सुरुवातीचं ईशस्तवन, निघून जाते. सिटीलिंकची बस किंवा रिक्षा केली तर हा ताप वाचतो. मध्यवर्ती बसस्थानक तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. नाशिकरोड, सिडको किंवा सातपूरला परतायचं असेल आणि प्रयोग रात्रीचा असेल, तर परतीची सोय आधी ठरवा. प्रयोग तीन तासांचा म्हटला तरी वन्स मोअर मिळत गेले तर वीस-पंचवीस मिनिटं सहज वाढतात, आणि शेवटच्या बसची चिंता डोक्यात असली की तिसरा अंक ऐकू येत नाही.

कपड्यांचा काही नियम नाही. वातानुकूलित सभागृहात तीन तास बसायचं आहे हे लक्षात ठेवून शाल किंवा स्वेटर घ्या. गजरा माळायला हरकत नाही, पण उग्र अत्तर नको.

तीन घंटा आणि नांदी

पहिली घंटा सर्वसाधारणपणे पंधरा मिनिटं आधी होते. दुसरीला बाहेरचा चहा टाकून आत जावं. तिसरी घंटा म्हणजे दिवे मंद होणार, सूचना होणार आणि पडदा उघडणार. गद्य नाटकाला पाच मिनिटं उशिरा गेलात तर एखादा प्रवेश चुकतो. संगीत नाटकाला उशीर केलात तर नांदी चुकते, आणि ती पुन्हा होत नाही.

नांदीत सगळे कलाकार रंगमंचावर उभे राहून ईशस्तवन गातात. जुन्या नाटकांत त्यानंतर सूत्रधार आणि नटी येऊन आज काय दाखवणार ते सांगतात. नवख्या माणसाला नांदीचे दोन उपयोग आहेत. एक, पुढे कोण गाणार आहे ते चेहऱ्यांनिशी कळतं. दुसरा, कान त्या सभागृहाच्या आवाजाला सरावतो, त्यामुळे पहिल्या एकल पदाचे शब्द चटकन लागतात. नांदीला प्रेक्षकांनी उभं राहायचं नसतं. बसून ऐकावी आणि संपल्यावर टाळ्या द्याव्यात.

पद कसं ऐकायचं

आता मूळ गोष्टीकडे येऊ. संवाद चालू असताना ऑर्गनचा सूर हळूच येतो. ही खूण आहे. नट बोलता बोलता त्या सुरावर येतो आणि वाक्याचा शेवटचा शब्द संपतो न संपतो तोच पदाचा पहिला शब्द निघतो. शेजारच्याशी बोलणं, पर्स उघडणं, खोकला, सगळं तो सूर ऐकू आल्याबरोबर आवरायचं. बोलण्यातून गाण्यात जाण्याची ही जागा फार नाजूक असते. ती साधली तर पद आपलं वाटतं. फसली तर गाणं वरून चिकटवल्यासारखं वाटतं, मग गळा कितीही गोड असो.

ऑर्गनला पायपेटी असंही म्हणतात. भाता पायांनी हलवायचा असल्यामुळे वाजवणाऱ्याचे दोन्ही हात सुरांना मोकळे राहतात. पुरुषांचा स्वर साधारण काळी एक-दोनच्या (पेटीवरच्या पहिल्या-दुसऱ्या काळ्या पट्टीच्या) आसपास, स्त्रियांचा काळी चार-पाचच्या. म्हणजे नायकाचं पद संपून नायिकेचं सुरू झालं की ऑर्गनवाल्याला पट्टी बदलावी लागते, तीही संवाद चालू असताना, कुणाच्या लक्षात न येता. द्वंद्वगीतात तर एकाच चालीत दोन गळे सांभाळायचे असतात. पद ऐकताना एकदा तरी त्याच्या हातांकडे नजर टाका.

पदाचा साचा साधा आहे. आधी मुखडा म्हणजे ध्रुवपद, मग अंतरा, आणि प्रत्येक वेळी परत मुखडा. जुन्या नाटकांत साकी, दिंडी अशी छोटी पदंही येतात. त्यांत तानबाजी नसते, दोन-चार ओळींत गोष्ट पुढे सरकते आणि नट लगेच बोलायला लागतो. तिथे टाळ्यांची वाट बघत थांबू नका. खरी बैठक मोठ्या पदांत असते.

मोठ्या पदात सम शोधा. तीन पायऱ्यांत ती सापडते. पहिल्या दोन-तीन आवर्तनांत मुखड्यातल्या कोणत्या अक्षरावर तबल्याचा वजनदार ठोका पडतो ते ऐका, तीच सम. त्रिताल असेल तर एका समेपासून दुसरीपर्यंत सोळा मात्रा असतात, आणि नवव्या मात्रेला, खालीला, तबला हलका होतो. बरेच मुखडे समेवर सुरू न होता त्या खालीपासून उचलले जातात, म्हणून गाण्याचा पहिला शब्द म्हणजेच सम असं समजू नका. इथेच बहुतेक जण चुकतात. एकदा ते अक्षर सापडलं की गायक आलाप करो, तान घेवो, कुठेही भटको, तो परत त्या अक्षरावर येऊन पडणार हे तुम्हाला आधीच कळतं. तो पडला की तोंडातून आपोआप 'वा!' येतं. हीच दाद. ती छोटी, नेमकी आणि समेवर असावी.

टाळ्यांचा कडकडाट मात्र पद संपल्यावर. तान चालू असताना टाळ्या वाजल्या तर त्या आवाजात पुढची ओळ बुडते, आणि नट ती ओळ पुन्हा म्हणेलच असं नाही. ठेक्याबरोबर टाळ्या वाजवायला सुरुवात करू नका. पाचशे माणसांच्या टाळ्या कधीच एका लयीत राहत नाहीत, त्या हळूहळू पुढे पळतात, आणि तबलजीला लय धरून ठेवणं अवघड होतं. अभंगाला किंवा लोकगीताला नटानंच हात वर करून बोलावलं तर खुशाल वाजवा. ओळखीचं पद लागलं की गुणगुणायचा मोह होतो. तो आवरा, शेजारच्यानं तिकीट रंगमंचावरच्या गळ्यासाठी काढलेलं असतं.

वन्स मोअर

ही मराठी रंगभूमीची जुनी, गोड रीत आहे. पद संपलं, टाळ्या झाल्या, आणि त्या ओसरायच्या आत प्रेक्षकांतून 'वन्स मोअर' येतो. नट थांबतो, पदाचा काही भाग, बहुधा अंतरा आणि मुखडा, परत गातो. परत म्हणजे तसंच नव्हे. चांगला गायक दुसऱ्या वेळी नवी जागा, म्हणजे सुरांचं नवं वळण, घेतो, नवी तान मारतो, म्हणूनच तर मागायचा.

वेळ महत्त्वाची. टाळ्या पूर्ण थांबल्या आणि समोरच्या पात्रानं पुढचं वाक्य उच्चारलं, की संधी गेली. त्यानंतर ओरडलात तर दोन नटांची वाक्यं तुटतात. पात्र रडत असेल, निरोप घेत असेल, मरणाच्या दारात असेल तर वन्स मोअर मागू नये. पदानं तयार केलेली शांतता तिथे नाटकाला हवी असते आणि दिग्दर्शकानं पुढचा प्रवेश तिच्यावरच उभा केलेला असतो. शृंगाराचं, विनोदाचं, चढाओढीचं पद असेल तर मनमोकळेपणानं मागा.

नट द्यायचा की नाही ते ठरवतो. त्यानं हात जोडून पुढचा संवाद सुरू केला तर आग्रह धरू नका. घसा जपायचा असेल, पुढे याहून मोठं पद असेल, किंवा त्याच दिवशी दुसरा प्रयोग असेल. आपण एकट्यानं ओरडायला संकोच वाटत असेल तर पहिल्या पदाला सभागृह कसं वागतं ते पाहा. मागे कुठेतरी जुना जाणकार रसिक बसलेला असतो. त्याचा अंदाज सहसा चुकत नाही.

मोबाईल, मुलं, मध्यंतर

मोबाईल बंद करा. सायलेंटवर ठेवून भागत नाही, कारण थरथर शांत आलापात तीन रांगांपर्यंत ऐकू येते आणि पडद्याचा उजेड मागच्या सगळ्यांच्या डोळ्यांवर येतो, शिवाय नटालाही दिसतो. चित्रीकरण किंवा ध्वनिमुद्रण करू नका. मनाई असतेच, आणि हातात फोन धरून बसलेला माणूस दाद देऊ शकत नाही.

सहा-सात वर्षांच्या पुढच्या मुलांना गोष्ट आधी सांगून आणलं तर ती छान रमतात. तान्हं बाळ रडलं की लगेच बाहेर न्यावं. म्हणून अशा कुटुंबानं वाटेलगतची, दाराजवळची खुर्ची घ्यावी. वेफर्सचं पाकीट आत नको.

मध्यंतर दहा-पंधरा मिनिटांचं. बटाटेवडा आणि चहा हा नाट्यगृहाचा प्रसादच आहे, पण आधी स्वच्छतागृहाची रांग उरका, मग वडा. उलट केलंत तर घंटा रांगेतच ऐकाल. तीन अंकी प्रयोगाला दोन मध्यंतरं असतील का, हे सुरुवातीच्या सूचनेत लक्ष देऊन ऐका. पहिल्या मध्यंतरालाच नाटक अर्धं झालं असं समजून घरी फोन करणारे बरेच असतात.

शेवटच्या पदापर्यंत बसा

गोष्ट सुटली, लग्न ठरलं, गैरसमज मिटला की पार्किंगमधून गाडी आधी काढायची म्हणून लोक उठायला लागतात. असं करू नका. जुन्या संगीत नाटकाचा शेवट भरतवाक्यानं, म्हणजे शेवटच्या मंगलकामनेनं, आणि पुष्कळदा भैरवी रागातल्या पदानं होतो. तीन तासांत वेगवेगळ्या रागांतून फिरलेला कान त्या भैरवीत घरी येतो. ती उभ्यानं, खुर्च्यांच्या खडखडाटात ऐकण्यासारखी गोष्ट नाही. त्यानंतर सगळे कलाकार ओळीनं उभे राहतात, त्यांची ओळख करून दिली जाते. ऑर्गन आणि तबल्याच्या साथीदारांचं नाव येईल तेव्हा टाळ्या जरा जास्त वाजवा.

आवडलं असेल तर बाजूच्या दारानं आत जाऊन कलाकारांना भेटता येतं. मराठी रंगभूमीवर याला कुणी मज्जाव करत नाही. फक्त दहा मिनिटं थांबा, त्यांना मेकअप उतरवू द्या, पाणी पिऊ द्या. सेल्फीच्या आधी एखादं नेमकं पद सांगा, त्यातली नेमकी जागा सांगा, "दुसऱ्या अंकातल्या त्या पदात तुम्ही वन्स मोअरला वेगळी तान घेतलीत ना?" असं विचारा. 'छान झालं' त्यांनी शंभर वेळा ऐकलेलं असतं. अशा प्रश्नावर मात्र बहुतेक जण थांबून, कधीकधी हलक्या आवाजात ती तान पुन्हा गुणगुणून दाखवतात.